बायकांच्या हाती पिस्तूल द्यायचं म्हणे!



सध्या आपल्या समाजात एक नवीन टूम निघाली आहे. सराफी दुकानांवरचे दरोडे, गळ्यातली साखळी ओढून पळणारे मोटरसायकलवाले, एकट्या राहणाऱ्या बायकांच्या घरातल्या चोऱ्या, अशा सगळ्या बातम्यांची मोट बांधायची आणि सभेत उभं राहून म्हणायचं, ‘आता आपल्या लेकी-सुनांच्या हाती पिस्तूल दिलं पाहिजे.’ टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फोटो फिरू लागतात. हे हलकं आहे, हे पर्समध्ये मावतं, हे बायकांना झेपतं. मिक्सर घ्यावा तशी चर्चा. मग कोणी तरी आजोबा लिहितात, ‘आपण अहिंसावाले, असला विषय नको,’ आणि विषय तिथेच मिटतो.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. अहिंसेचं नाव घेऊन तोंड बंद करणाऱ्यांशी आधी, आणि मग पिस्तूलवाल्यांशी जरा निवांत.

अहिंसावाल्यांना माझा साधा प्रश्न आहे. गृहस्थाला सांगितलेला धर्म आणि मुनींना सांगितलेला धर्म एकच आहे का? पाठशाळेत आपण लहानपणापासून शिकलो की हिंसेचे चार प्रकार आहेत. ठरवून, मारण्याच्या इराद्याने केलेली ती संकल्पी. चूल, पाणी, झाडलोट यात होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. आणि स्वतःचं, घराचं, देशाचं रक्षण करताना होते ती विरोधी. श्रावकाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आहे. बाकीच्या तीन शक्य तेवढ्या कमी करायच्या आहेत. विरोधी हिंसा चांगली असं कोणी म्हणत नाही, पण अंगावर चालून आलेल्या माणसासमोर बाईने हात जोडून उभं राहावं असंही कुठे सांगितलेलं नाही.

श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांशी लढलेली उल्लाळची राणी अब्बक्का जैन चौटा घराण्यातली होती. त्यांचा आपण अभिमान बाळगतो, मग आपल्या मुलीने कराटेचा क्लास लावला की कपाळाला आठ्या का पडतात? ‘आपल्यात असं चालत नाही’ हे वाक्य धर्मातून आलेलं नाही, ते आळसातून आलेलं आहे. बाईच्या रक्षणासाठी काही करायचंच नाही, आणि वर त्याला धर्माचं नाव द्यायचं.

कायद्यानेही बाईला हा हक्क दिलेला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, बलात्काराचा हल्ला असेल, पळवून नेण्याचा प्रयत्न असेल, अ‍ॅसिड टाकण्याचा प्रयत्न असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी तो स्वसंरक्षणाचा हक्क मानला जातो. मात्र त्याच कायद्यात अटीही आहेत. पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि रक्षणाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. साखळी घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्या पोरावर मागून गोळी झाडली, तर तुमच्या बाजूने बोलताना वकिलाला घाम फुटेल.

तेव्हा ‘अहिंसा आहे म्हणून पिस्तूल नको’ असं मी म्हणत नाही. मी पिस्तूल नको म्हणते ते हिशोब करून. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली, पण जमा-खर्च मांडायची सवय गेलेली नाही. आता पिस्तूलवाल्यांकडे वळते.

बायकांसाठी खास बंदूक ही कल्पना काही आजची नाही. दिल्लीच्या त्या भयंकर घटनेनंतर साधारण एका वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. .३२ बोअर, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. आणि ते यायचं कशात, तर दागिन्याच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत! मला ती डबीच सगळं सांगून जाते. बाईला काहीही विकायचं असेल तर दागिना म्हणून विका. सव्वा लाख ज्या बाईच्या हातात स्वतःचे म्हणून असतात, तिच्याकडे बहुधा गाडी आणि ड्रायव्हरही असतो. रात्रपाळी संपवून शेअर रिक्षाने घरी येणाऱ्या पोरीला ही डबी कोण देणार होतं?

ग्रुपवर फिरतात ती बहुतेक रिव्हॉल्व्हर नसतात, सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलं असतात. फोटो पाठवणाऱ्यांतल्या किती जणांना त्यातला फरक माहीत आहे कोण जाणे, म्हणून थोडं सांगते. रिव्हॉल्व्हरला फिरणारं चक्र असतं, त्यात पाच-सहा काडतुसं बसतात. चाप ओढला की चक्र फिरतं आणि गोळी सुटते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये काडतुसं मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. वरचा स्लाइड मागे खेचून सोडला की पहिलं काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत, म्हणजे चेंबरमध्ये जातं. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामं टरफल आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं काडतूस आपोआप आत येतं. पुढच्या गोळीसाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो. म्हणून ते ‘अर्धं’ स्वयंचलित.

आता यातल्या तीन गोष्टी नीट ऐका. स्लाइड मागे खेचायला बोटांत आणि मनगटात चांगला जोर लागतो. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग पुष्कळदा जास्तच कडक असते. संधिवाताने जिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही, तिने हे घाबरलेल्या अवस्थेत, अंधारात करायचं आहे. दुसरं, मूठ सैल धरली तर पुढचं काडतूस अडकू शकतं. ते कसं सोडवायचं हे सराव असलेल्यालाच जमतं. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक आहे. मॅगझिन काढून ठेवलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं लोकांना वाटतं, पण चेंबरमधलं एक काडतूस तिथेच बसलेलं असतं. ‘रिकाम्या’ पिस्तुलातून गोळी सुटून माणूस मेल्याच्या बातम्यांमागे ही एवढीशी गोष्ट पुष्कळदा असते. घरात नातवंडं खेळतात, हे लक्षात ठेवा.

आणि सिनेमातल्या नायिकेच्या हातातलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याला मिळणारही नाही. ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. सामान्य नागरिकाला साधारणपणे .३२ सारखं पिस्तूल घेता येतं. सरकारी कारखान्यांचं ‘अशनी’ हे त्यातलंच. त्यासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांचा परवाना लागतो. वय किमान २१, पोलीस चौकशी, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि आपल्याला खरोखर धोका आहे हे दाखवणारं कारण. काडतुसं किती घ्यायची यावरही मर्यादा. निवडणूक लागली की बहुतेकांना शस्त्र पोलिसांकडे जमा करायला सांगतात. विमानतळावर, बँकेत, कॉलेजात ते नेता येत नाही. म्हणजे ज्या ज्या वेळी बाई घराबाहेर असते, त्यातल्या निम्म्या वेळी पिस्तूल कपाटातच असणार.

बरं, समजा ते पर्समध्ये आहे. डेनिस ट्यूलर नावाच्या अमेरिकी पोलीस प्रशिक्षकांनी १९८३ मध्ये एक गोष्ट मांडली, ती आजही जगभर शिकवली जाते. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो. कमरेला पिस्तूल असलेल्या, रोज सराव करणाऱ्या पोलिसालाही ते बाहेर काढून नेम धरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आता आपली पर्स डोळ्यांसमोर आणा. चेन, आत दुसरी चेन, जपमाळेची पिशवी, चष्म्याचं घर, औषधं, भाजीची यादी. साखळी ओढणारा २१ फुटांवर उभा राहून ‘सावध व्हा’ म्हणत नाही. तो एका हाताच्या अंतरावर असतो, आणि साखळीऐवजी पर्सच ओढली तर आपलं पिस्तूल त्याच्या हाती जातं.

हे झालं रस्त्यावरचं. माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे.

बाईला धोका कोणाकडून असतो? सभेतले वक्ते सांगतात, अंधाऱ्या गल्लीतल्या परक्या माणसाकडून. सरकारची आकडेवारी काही वेगळंच सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात बायकांवरच्या गुन्ह्यांची ४,४५,२५६ प्रकरणं आहेत. त्यातला सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा आहे. बलात्काराच्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, मालक. या बाईने पिस्तूल कोणावर रोखायचं? जेवताना समोर बसलेल्या दिरावर? ज्याच्या नावावर घर आहे, शाळेची फी आहे, गॅसचं कनेक्शन आहे, त्या नवऱ्यावर?

आणि पिस्तूल तिच्या एकटीच्या ताब्यात राहील, या भ्रमात तर मुळीच राहू नका. तिच्या नावावरचा फ्लॅट, तिच्या नावावरची फर्म, तिचं स्त्रीधन, यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात ते आपण जाणतो. उद्या सुनेच्या नावाने परवाना निघेल, पण शस्त्र वापरणारा दुसराच असेल. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच ताब्यात हवं, असं कायदा म्हणतो. काही विपरीत घडलं तर पहिलं उत्तर तिलाच द्यावं लागेल. आपल्या किती भगिनी नवऱ्याने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सही करतात, हे सांगायला लावू नका.

घरात पिस्तूल असणं म्हणजे काय, हे जिथे घरोघरी पिस्तुलं आहेत त्या देशाकडून शिकता येतं. अमेरिकेत बंदुकीने जेवढी माणसं मरतात, त्यातली निम्म्याहून जास्त आत्महत्या करणारी असतात. कॅलिफोर्नियात २००४ ते २०१६ या काळात सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढ माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःकडे पिस्तूल नाही, पण घरातल्या दुसऱ्या कोणाकडे आहे, अशी माणसं त्यात पाहिली होती. पिस्तूल नसलेल्या घरांतल्या लोकांपेक्षा त्यांचा खून होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट निघालं, आणि तशा मेलेल्यांत ८४ टक्के बायका होत्या. रक्षणासाठी म्हणून पिस्तूल घरात आलं आणि मेली ती घरातलीच बाई.

हिशोबाच्या वह्या लिहिणाऱ्यांना ‘संभाव्य देणं’ हा प्रकार ठाऊक असतो. ताळेबंदात ते आकड्यात दिसत नाही, खाली बारीक अक्षरात टीप असते. वर्षानुवर्षं काही होत नाही, म्हणून सगळे ते विसरतात. आणि एक दिवस ते अंगावर येतं तेव्हा दुकान बंद पडतं. कपाटातलं पिस्तूल तसंच आहे. भांडणाची एक रात्र, परीक्षेत नापास झालेला एक मुलगा, धंद्यात बुडालेला एक माणूस. एरवी जी वेळ टळली असती, ती टळत नाही.

माझ्या माहेरच्या नात्यातली एक मुलगी लग्नानंतर दोन वर्षांत तीन वेळा माहेरी आली. दंडावर वळ होते. तिन्ही वेळा घरच्यांनी तिला समजावलं आणि मिठाईचा डबा देऊन परत पाठवलं. ‘जुळवून घे, समाजात नाव जाईल.’ परत पाठवणाऱ्यांतलेच एक जण हल्ली सभेत बायकांच्या पिस्तुलावर बोलतात. त्यांना मी विचारते, तिसऱ्यांदा ती दारात उभी होती तेव्हा तिला काय हवं होतं? पिस्तूल? तिला एक खोली हवी होती, आणि ‘आता जाऊ नकोस’ हे तीन शब्द हवे होते. त्याला परवाना लागत नव्हता आणि खर्चही नव्हता. म्हणूनच की काय, ते कोणी दिलं नाही.

पिस्तूल विकत घेणं सोपं आहे, कारण त्यात घरातल्या कोणालाच बदलावं लागत नाही. धोका बाहेरचा ठरतो, उपाय दुकानात मिळतो, आणि बाईचं रक्षण ही पुन्हा बाईचीच जबाबदारी होते. उद्या तिच्यावर हल्ला झाला आणि पिस्तूल पर्समध्येच राहिलं, तर म्हणायला मोकळे, ‘एवढं घेऊन दिलं होतं, वापरता आलं नाही तिला.’

धर्माचा एक मुद्दा मात्र मी पिस्तूलवाल्यांसमोरही ठेवते. श्रावकाने टाळायच्या अनर्थदंडांत हिंसादान आहे आणि अपध्यानही आहे. गरज नसताना हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं, आणि कोणाचं तरी वाईट होण्याचा विचार मनात घोळवत राहणं. पिस्तूल नुसतं घेऊन भागत नाही. ते उपयोगी पडावं असं वाटत असेल तर रोज मनात सराव करावा लागतो. हा आत आला तर कुठे नेम धरू, तो वळला तर काय करू. संध्याकाळी सामायिकाला बसायचं आणि रात्री उशाशी हात नेऊन ही उजळणी करायची. खरोखर संकट दारात असेल त्या बाईची गोष्ट वेगळी. पण समाजातल्या सगळ्या लेकी-सुनांना भीतीची ही रोजची पूजा लावून द्यायची का?

हो, अशी एखादी बाई असते, हे मी मान्य करते. शेतावर वस्ती, पोलीस ठाणं लांब, कोणी तरी नाव घेऊन जिवे मारण्याची धमकी दिलेली. तिला कायद्याने वाट दिली आहे आणि तिने जरूर अर्ज करावा. पण मग निवड तिने स्वतः करावी, दिराने किंवा भाच्याने नाही. स्लाइड स्वतःच्या हाताने मागे खेचून बघावा. तो खेचला जात नसेल तर ते पिस्तूल कितीही नावाजलेलं असो, तिच्या कामाचं नाही. वजनाला हलकं म्हणून भुलू नये, हलकं पिस्तूल हाताला जास्त झटका देतं. प्रशिक्षणाचा दाखला मिळाला म्हणजे शिकणं झालं असं मानू नये, परवानगी असलेल्या मैदानावर नियमित सराव करावा. पिस्तूल आणि काडतुसं कुलपात, आणि किल्ली फक्त तिच्याकडे. मॅगझिन काढल्यावर चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोट घालूनही तपासायचं, प्रत्येक वेळी. एवढं करायची तयारी नसेल तर तो विषय सोडून द्यावा.

बाकीच्या आपण सगळ्यांनी काय करायचं? ‘निर्भीक’ची २०१४ ची किंमत धरली तरी त्या पैशात दाराला मजबूत जाळीचा दरवाजा, एक कॅमेरा, बँकेच्या लॉकरचं काही वर्षांचं भाडं आणि नातीचा कराटेचा क्लास बसतो. चालायला जाताना गळ्यात सोनं कशाला? काळ्या मण्यांनी सौभाग्य कमी होत नाही. ११२ हा क्रमांक फोनमध्ये एका बटणावर ठेवा, महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन मुलींना पाठ असू द्या. प्रत्येक बाईचं स्वतःचं बँक खातं असावं, त्याचं कार्ड आणि पिन तिच्याच हातात असावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. हे किती सुनांना माहीत आहे? मंडळात दर महिन्याला पाककृती होतात, एकदा एखाद्या वकीलबाईंना बोलवा.

आणि पुढच्या सभेत कोणी पिस्तुलाचा ठराव मांडला, तर टाळ्या वाजवायच्या आधी आपल्यातल्या एकीने उभं राहावं आणि दुसरा ठराव मांडावा: वळ घेऊन माहेरी आलेल्या लेकीला या समाजातलं कोणतंही घर तिच्या मनाविरुद्ध परत पाठवणार नाही. हात वर करून मतं घ्या. मागच्या रांगेतून बघा, कोणाचे हात वर जातात आणि कोणाचे नाही. आपल्याला धोका नेमका कुठून आहे, हे तेवढ्यातच कळेल.